कात्रीबाईंचं जकातघर

कात्रीबाईंविषयी लिहावं इतकी मला त्यांची माहिती नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला धरायला नको. अकरा वर्षं मी त्यांच्या घरात रंगाचं काम केलं. त्यांच्या कुठल्या भिंतीला पोक आहे, कुठे ओल धरते, कुठल्या कोपऱ्यात ब्रश आडवा घ्यावा लागतो, हे मी झोपेतही सांगेन. पण त्यांचं लग्न का झालं नाही, त्यांना गोड आवडायचं की तिखट, घरात एकट्या असताना त्या गुणगुणायच्या की गप्प असायच्या, यातलं मला काहीही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. विचारणं मला जमतच नाही. आमची ही म्हणते, "घराला आग लागली तरी हे शेजारी जाऊन उभे राहतील, आणि पाणी मागू का, असं विचारतील. तेही मनातल्या मनात."

ते खरं आहे. आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं, असं मला वाटतं.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या तसा तो धंदा बसला आणि मी भिंतींकडे वळलो. ही हकीकत त्याच सुमाराची, वीस-बावीस वर्षांपूर्वीची.

नदीवरच्या जुन्या पुलाच्या तोंडाशी जकातघर आहे. पूर्वी पुलावरून जाणाऱ्या मालाच्या गाड्यांची जकात तिथे घेत. पुढची खोली सहा कोनांची. तिला तीन बाजूंना खिडक्या, म्हणजे गाडी कुठूनही आली तरी आतल्या कारकुनाला दिसावी. रस्त्याकडच्या भिंतीत लाकडी झडपेचा एक हातभर झरोका, त्यातून जकात आत घ्यायची. मागे स्वयंपाकघर आणि कोठी, मधून अरुंद जिना, वर दोन खोल्या आणि त्यांच्यामधला बोळ. घर कित्येक वर्षं पडून होतं. मग शहरातल्या जुन्या वास्तू सांभाळणारी जी समिती आहे, तिने ते दुरुस्त करून घेतलं. गवंड्यांनी भिंती दगडापर्यंत सोलल्या, नवा गिलावा केला, सडक्या तुळया बदलल्या आणि आतून सगळीकडे पांढरा चुना मारला. नंतर समितीने जाहीर केलं, की या घरात राहून जो ते नीट सांभाळेल त्याला ते नाममात्र भाड्याने मिळेल. आधी तीन वर्षांचा करार. समितीचं समाधान झालं तर मग हयातभरासाठी.

कोणी पुढे येईना. पुलावर ट्रक आला की त्या घरातल्या कपबशा आपापसात बोलायला लागतात. सहा कोनांच्या खोलीत कपाट कुठल्याच कोपऱ्यात नीट बसत नाही. अर्ज एकच आला, कात्रीबाईंचा.

बाई तीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायच्या. खाकी, पांढरं, करडं, गडद निळं. तिथल्या मुलींनी त्यांना हे नाव दिलं, ते कारखाना सुटला तरी सुटलं नाही. राहायच्या भावाकडे. त्याच्या दोन खोल्यांच्या मध्ये जी येण्याजाण्याची वाट होती, तिथे एक दिवाण होता. दिवसभर त्यावर सगळं घर बसायचं, सगळे निजायला गेले की तो बाईंचा व्हायचा. भाऊ वाईट नव्हता, उलट चांगलाच होता. पण चांगल्या माणसाच्या घरातली वाटसुद्धा वाटच असते. तीस वर्षं त्यांनी कोणाच्या ना कोणाच्या पायांना वाट करून दिली.

माझी त्यांची गाठ पडली ती काडेपेटीमुळे. घर मिळून दोन-तीन महिने झाले असतील. बाई माझ्या रंगाच्या दुकानात आल्या, काडेपेटी माझ्यापुढे उघडून धरली. आत नखाएवढा हिरवा पापुद्रा.

"हा रंग करून द्या."

"कशाला लावायचाय?"

"भिंतींना. पुढच्या खोलीला."

"एवढा गडद? अंधार होईल, बाई."

"तीन खिडक्या आहेत. अंधाराला आत शिरायला जागा तर हवी."

पापुद्रा कुठून आणला, हे तेव्हा विचारायला हवं होतं. दुसऱ्या कोणीही विचारलं असतं. मी रंग कालवायला घेतला. ओल्या रंगाचं तोंड वेगळं आणि वाळलेल्याचं वेगळं, म्हणून मी पुठ्ठ्यावर पट्टा ओढून वाळू देतो, मग नमुन्याशी ताडतो. नमुना त्याच पुठ्ठ्याला चिकटवतो आणि मागे प्रमाण लिहून ठेवतो. बाई दुकानात शिरायच्या, बाहेर जायच्या, पुन्हा शिरायच्या.

"वाळला?"

"नाही अजून."

त्यांनी पुठ्ठा उचलला आणि फुंकर मारायला लागल्या.

"फुंकून रंग वाळत नाही, बाई. बसा जरा."

"बसून वाळतो का?"

मी पुठ्ठा त्यांच्या हातातून काढून उन्हात ठेवला.

मग काडेपेट्या येतच राहिल्या. विटकरी लाल आला, तो स्वयंपाकघराला. राखी निळा, कोठीला. हळदीसारखा पिवळा, जिन्याला. तिथवर वर्ष गेलं. नंतर शेंदरी आला, वरच्या एका खोलीला. मोरपंखी, वरच्या बोळाला. आणि सगळ्यात शेवटी जांभळा, बाई निजायच्या त्या खोलीला. त्या जांभळ्यासाठी त्यांनी मला पाच वेळा पुठ्ठे बदलायला लावले.

"थोडा अजून पिकलेला हवा," त्या म्हणायच्या.

"पेरू आहे का बाई, पिकायला?"

"पेंटर, तीस वर्षांत माझ्या हाताखालून जांभळं कापड एकदाही गेलं नाही. जांभळा गणवेश कुठल्याच शाळेचा नसतो. शिपायाचा नसतो, नर्सचा नसतो, तुरुंगातसुद्धा नसतो. आता नाही तर कधी?"

सामानाचंही तेच. जुन्या बाजारातून एकेक वस्तू यायची. न्हाव्याची फिरती खुर्ची आली. पाडलेल्या नाट्यगृहातल्या एकमेकींना जोडलेल्या तीन खुर्च्या आल्या. शाळेचं बाक, दाताच्या डॉक्टरचा मान वाकवणारा दिवा, बोटीवरचा गोल आरसा. गणवेशाच्या चिंध्या बादलीत रंगवून त्यांनी पडदे शिवले. तेव्हा महिनाभर त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे होते. एका वस्तूचं दुसरीशी नातं नाही, पण सगळ्या एका जागी बसल्या की भांडायच्या नाहीत. तो त्यांच्या हाताचा गुण. मात्र बसायच्या फक्त खुर्च्याच. इतक्या खुर्च्यांच्या घरात मी बाईंना टेकलेलं पाहिलं नाही. चहा उभ्याने, तोही फिरत. आज झरोक्याखाली असलेलं बाक उद्या जिन्याखाली, परवा पुन्हा झरोक्याखाली.

भाऊ अधूनमधून यायचा. दारातूनच ओरडायचा, "अगं, घर आहे की लिलाव? कितीला सुटली ही खुर्ची?"

"बसलास तर फुकट. पळालास तर भाडं पडेल."

"सरडासुद्धा दमला असता गं इथे, रंग बदलून बदलून." मग हळूच म्हणायचा, "दिवाण तसाच ठेवलाय हो तुझा. काढला नाही."

तो प्रेमानेच म्हणायचा. बाईंच्या हातातला कप मात्र तेवढ्यापुरता थांबायचा.

तिसऱ्या वर्षी समितीतलं कोणीतरी पुलावरून जाताना उघड्या खिडकीतून आत डोकावलं असावं. पत्र आलं. आतल्या भिंतींच्या रंगांना घराच्या इतिहासाचा आधार हवा, तो नसेल तर करार पुढे चालू राहणार नाही, असा त्याचा मथितार्थ. बाईंनी उलट टपाली उत्तर धाडलं. नंतर मला म्हणाल्या, "पेंटर, पुढच्या बुधवारी समितीचे लोक येतायत. मी त्यांना कळवलंय, सातही रंग याच घराच्या भिंतीवर होते, एकाखाली एक. येऊन बघा म्हटलं. पुरावा आहे माझ्याकडे."

"मग झालं तर."

"झालं कसलं? नाही पटलं त्यांना, तर गाशा गुंडाळायचा. दादाचा दिवाण आहेच."

पुरावा कसला, कुठे, हे मी तेव्हाही विचारलं नाही. कागद असेल जुना एखादा, असं मी धरून चाललो.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला जिन्याच्या कडा नीट करायला बोलावलं आणि स्वतः एका खुर्चीची गादी बदलायला दिली होती ती आणायला बाजारात गेल्या. जिन्याचं काम तासाभरात उरकलं. मोकळे हात मला सोसत नाहीत. मी पुढच्या खोलीत आलो, इकडेतिकडे पाहिलं, कुठे बोट लागलंय का, कुठे डाग आहे का. झरोक्याच्या चौकटीला लागून तो बोटीवरचा आरसा टांगलेला होता, खोली रंगवली तेव्हाही बाईंनी तो काढू दिला नव्हता. त्याच्या कडेने रंग जरा फिका दिसला, म्हणून मी आरसा उतरवला.

मागे भिंतीला वीतभर जखम. कोणीतरी पात्याने खरवडल्यासारखी, पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेली, कडेचे पापुद्रे सुटलेले. उद्या ते लोक येणार, आरसा हलवणार, आणि या हिरव्यागार भिंतीत हे भगदाड बघणार. म्हणतील, पेंटरने झाकपाक केली. बाईंना कळलंच नसेल, उंदीर नाहीतर ओल, असं मला वाटलं. आता हसू येतं. तेव्हा नव्हतं.

मी पट्टी घेतली आणि सगळे सुटे पापुद्रे खरवडून काढले, थेट गिलाव्यापर्यंत. कच्चं काही मागे ठेवलं तर वरचा रंग धरत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शास्त्र. मग लांबी भरली. लांबी म्हणजे आम्ही पेंटर लोक भोकं बुजवायला वापरतो तो लगदा. तो वाळल्यावर काचकागदाने घासला, त्यावर हिरव्याचे दोन हात दिले. खाली पडलेला केर भरला. केराची गाडी दारात उभीच होती, तिच्यात टाकला. मागे सरकून पाहिलं. जोड कुठे आहे हे मलाच सापडेना. आयुष्यात थोडी कामं मनासारखी होतात, त्यातलं ते एक. मी आरसा पुन्हा टांगला, जरा तिरका गेला तो सरळ केला.

बाई दुपारी खुर्ची घेऊन आल्या. ती झरोक्यापाशी ठेवली, पुन्हा उचलली, खिडकीपाशी ठेवली. मग थांबल्या.

"आरसा कोणी काढला होता?"

"मी. मागे भिंत फार खराब झाली होती. केली नीट."

त्यांनी आरसा उतरवला. भिंतीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. हाताला ओला रंग लागला.

"नीट केलीत म्हणजे?"

"सगळं खरवडून काढलं आणि लांबी भरली. आता शंभर वर्षं बघायला नको."

"पेंटर," त्या म्हणाल्या, आणि बोटांना लागलेला हिरवा रंग पाहिला. मग म्हणाल्या, "तो पुरावा होता."

गवंड्यांनी सगळं घर सोललं, पण झरोक्याची जुनी लाकडी चौकट हलू नये म्हणून तिच्या शेजारची वीतभर भिंत तशीच ठेवली होती. जुने रंग शिल्लक होते ते एवढ्याच जागी. बाईंनी कापड कापायच्या पात्याने एकेक थर उघडा केला होता. काडेपेटीतले पापुद्रे तिथलेच.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चालायला लागल्या. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून कोठी, जिना वर, बोळ, जिना खाली. मी मागे मागे. त्या प्रत्येक चौकटीच्या कडेला नखाने टोकरून बघायच्या, मीही बघायचो. सगळीकडे नवा गिलावा. तासभर आम्ही दोघं त्या घरात असे फिरत होतो, जसं काही आमचं माणूस गर्दीत हरवलंय. केराची गाडी केव्हाच गेली होती.

शेवटी मी म्हणालो, "माझ्याकडे पुठ्ठे आहेत. नमुने चिकटवलेले. सगळे सात."

"आणा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने सुरी खाली ठेवली. "अहो, अडीच वर्षं ती बाई काडेपेटीतून रंग आणतेय, आणि तुम्हाला एकदा विचारावंसं वाटलं नाही, कुठून आणता म्हणून?"

"वाटलं होतं."

"मग?"

"विचारलं नाही."

"धन्य आहात. आता निदान उद्या तरी तोंड उघडा. तिचं छप्पर जाईल तुमच्या नीटनेटकेपणापायी."

बुधवारी सकाळी समितीचे दोघं आले, एक इंजिनीयर साहेब आणि टिपणं घेणाऱ्या एक बाई. साहेबांनी सगळं घर फिरून पाहिलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून एक गिरकीही घेतली. मग म्हणाले, "छान आहे. आता तुमच्या पत्रातली ती जागा दाखवा."

कात्रीबाई खिडकीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक पडद्याची कडी होती, ती त्या बोटात घालत होत्या, काढत होत्या. मी पुढे झालो. "साहेब, ती मी बुजवली. माझी चूक. बाईंना माहीत नव्हतं." आणि पुठ्ठे पुढे केले.

साहेबांनी पुठ्ठे उलटून पालटून पाहिले. "हे सुटे तुकडे. हे या भिंतीचे कशावरून? माझ्या घराचेही असतील."

"हो."

"खरवडलंत तुम्ही?"

"हो."

"गिलाव्यापर्यंत?"

"हो."

"मग खरवडताना थर दिसलेच असतील. किती निघाले?"

पुलावरून ट्रक गेला, कपबशा वाजल्या, थांबल्या. बाईंच्या पत्रात सात होते. मला एवढंच म्हणायचं होतं, सात. एक शब्द. मी डोळे मिटले आणि काल पट्टीच्या धारेवर काय आलं होतं ते आठवायला लागलो. आपण काय करतोय याकडे हात चालू असताना माझं लक्ष नसतं, पण रंगाकडे असतं. वरचा पांढरा. त्याखाली हिरवा. मग विटकरी, तो जाड होता. मग राखी निळा, पातळसा. मग हळदी. आणि मग पट्टीला वाळू लागली होती, गिलाव्याची. मी पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. माझी आठवण कच्ची असेल, घाईत दोन-तीन निसटले असतील, असंही मनात आलं. पण जे दिसलं नव्हतं ते दिसलं म्हणायला जीभ वळेना.

"चार," मी म्हणालो. "वरचा चुना सोडून."

"कुठले?"

मी क्रमाने सांगितले.

"बाई तर सात म्हणतायत."

"मला चार दिसले. माझी चूकही होत असेल."

"तुम्ही बाईंचेच पेंटर ना?"

"हो."

साहेब टिपणं घेणाऱ्या बाईंकडे वळले. "असा साक्षीदार मिळाला की समोरच्या वकिलाचं कल्याण. लिहा, चार." कळवतो म्हणून ते निघून गेले.

मी ब्रश, डबे, चढायचा घोडा, सगळं गोळा करायला लागलो. आता या घरात आपल्याला काम नाही, हे कळत होतं. बाई खिडकीपाशीच होत्या.

"एरवी तुमच्या तोंडातून शब्द निघत नाही," त्या म्हणाल्या. "आज बरा निघाला."

"चुकलं माझं, बाई. मला नीट आठवतच नव्हतं."

"नीट आठवत होतं. चारच होते."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"वरच्या मजल्यावरचे तीन कुठून आले मग?"

कुठून, असं मी त्यांना अडीच वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"शेंदरी एका मोडक्या होडीच्या फळीचा. मोरपंखी जुन्या बाजारातल्या ट्रंकेचा. जांभळा नाट्यगृहातल्या त्या मधल्या खुर्चीच्या बुडाखालचा." पडद्याची कडी त्यांच्या बोटात अडकली, ती काढत त्या म्हणाल्या, "खालच्या चार रंगांवर थांबायला हवं होतं. नाही राहवलं. पत्र लिहायला बसले तेव्हा चार लिहायचे म्हणून बसले होते आणि सात लिहिले. टपालात टाकल्यापासून रोज आरसा काढून मोजायचे. चारच. तुम्ही काल बुजवलंत तेव्हा आधी धाय मोकलून रडावंसं वाटलं. आणि रात्री वाटलं, सुटले. आता मोजणार कोण? पुठ्ठे तर साताचे आहेत."

"आणि मी मोजून दिले."

"दिलेत ना! अगदी क्रमाने. पाढे म्हणावेत तसे."

मला वाटलं त्या हसतायत, म्हणून मी वर पाहिलं. हसत नव्हत्या. रागावल्याही नव्हत्या, निदान मला तसं दिसलं नाही. त्यांनी नवी गादी घातलेली खुर्ची उचलली आणि जिन्याने वर न्यायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूने धरली. आम्ही ती जांभळ्या खोलीत ठेवली आणि मी घरी आलो.

उत्तर यायला चार आठवडे लागले. ते दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मी दोनदा सायकलवरून पुलावरून गेलो. दोन्ही वेळा त्या खिडकीतून काहीतरी ओढत नेताना दिसल्या. हाक मारायचं धाडस झालं नाही. भाऊ येऊन त्यांची एक ट्रंक घेऊनही गेला म्हणे, आधीच थोडं थोडं हलवलेलं बरं म्हणून. तिसऱ्या दिवशी बाईंनी जाऊन ती परत आणली. भाऊ म्हणाला, "अगं ठरव काय ते." त्या म्हणाल्या, "मी कोण ठरवणारी?"

मग एका सकाळी त्या दुकानाच्या दारात उभ्या. हातात पत्र.

"वाचा."

"तुम्हीच सांगा."

"वाचा हो! मला दोनदा वाचूनही धड समजलं नाही."

समितीने करार हयातभरासाठी केला होता. खालच्या खोल्या आणि जिना यांचे रंग घराचे म्हणून मान्य. वरच्या दोन खोल्या आणि बोळ यांना आधार सापडत नाही, तिथे पांढरा चुना द्यावा, आणि दरवर्षी समितीचा माणूस येऊन तो पाहून जाईल. पत्रात शेवटी एक ओळ होती, की पत्रातल्या साताऐवजी चार हा आकडा अर्जदाराच्याच रंगाऱ्याने सांगितल्यामुळे बाकीच्या विधानांवर विश्वास ठेवण्यास समितीला हरकत वाटत नाही.

"म्हणजे घर राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं."

"मग झालं तर."

"तुमचं आपलं नेहमी झालं तर, झालं तर." त्या दारातून बाहेर गेल्या, लगेच आत आल्या. "उद्या या. जांभळ्यापासून सुरू करू. मागे ठेवलं तर माझ्याच्याने होणार नाही."

जांभळा लवकर मरत नाही. चुन्याच्या पहिल्या हातातून तो वर आला, दुसऱ्यातूनही आला. तिसऱ्या हाताला भिंती फिकट वांग्यासारख्या दिसायला लागल्या. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इथेच थांबलो तर?"

"समितीचा माणूस येईल."

"त्याला चष्मा असेल तर?"

"तर पुसून बघेल, बाई."

पाचव्या हाताला खोली पांढरी झाली.

घर मिळालं की बाई स्वस्थ होतील, एखाद्या खुर्चीत बसतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पांढऱ्या खोलीत त्यांनी पलंग या भिंतीचा त्या भिंतीला नेला, पुन्हा आणला. शेवटी तो अशा जागी ठेवला, की पडल्यापडल्या उघड्या दारातून जिन्याची हळदी भिंत दिसावी. तिथे तो पाच-सहा महिने टिकला, मग तिथूनही हलला. भाऊ अधूनमधून दिवाणाची आठवण काढायचा. पुढे त्याच्या नातवंडांनी उड्या मारून दिवाण मोडला, तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या सुखी होत्या का, हे मला सांगता येणार नाही. विचारायला हवं होतं.

मी दरवर्षी वरच्या खोल्यांना चुना द्यायला जायचो. समितीचा माणूस यायचा, वर जाऊन एक नजर टाकायचा, खाली येऊन न्हाव्याच्या खुर्चीत एक गिरकी घ्यायचा आणि जायचा. आठ वर्षं असं चाललं.

शेवटचं बोलणं झालं ते पुलावर. बाई बाजारातून येत होत्या, पाठीवर गुंडाळलेली सतरंजी, चाल नेहमीचीच, घाईची. मी सायकलवरून उतरलो. पुढच्या आठवड्यात त्या गेल्याची बातमी आली, पण तेव्हा त्यांच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही, किंवा मला दिसलं नाही.

"पेंटर, यंदा चुना कधी देताय? तो माणूस येईल पंधरा दिवसांत."

"सोमवारी येतो."

"सोमवारी नको. खुर्च्या वरून खाली आणायच्यात अजून. मंगळवारी या."

"मंगळवारी येतो."

"आणि चुना घट्ट आणा जरा. मागच्या वेळी नुसतं पाणी होतं."

"आणतो."